आत्या म्हणून ये

दादर स्टेशनला आम्ही चालत गेलो. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता आणि परळ नाक्यावर त्या दिवशी ना ट्राम मिळत होती ना टॅक्सी. सगळ्यांत पुढे आबा, म्हणजे माझे वडील. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि त्या दिवशी छातीवर पदकं लावलेले. मागे माझा थोरला भाऊ, डोक्यावर माझी लोखंडी ट्रंक घेऊन. त्याच्या मागे मी, नव्या बुटांनी टाच सोलवटलेली. वाटेत मोर्चातली माणसं भेटली. पदकवाला म्हातारा मोर्चालाच निघालाय अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी आबांना जागा करून दिली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं कुणीतरी ओरडलं तसं आबांनीही खणखणीत आवाजात "झालाच पाहिजे" म्हणून साथ दिली, पाय मात्र स्टेशनच्या दिशेनेच. लेक निघाली होती अंबाल्याला आणि बाप मुंबई मागत होता. मला हसू आलं. त्या दिवशी हसू येणं बरं नव्हतं, पण आलं.

काशी आमच्याबरोबर नव्हती. काशी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. ती चाळीच्या गॅलरीत माझ्या वहिनीच्या कडेवर होती. वहिनीने तिला खाली उतरू दिलं नाही आणि मीही फार वेळा मागे वळून पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा दादा रडला. आबा म्हणाले, "बूट रोज पॉलिश कर. बाकीचं आपोआप येतंय." आणि ते गाडीबरोबर दोन पावलंही न चालता जागच्या जागी उभे राहिले.

आमच्या घरात सोडून जाणं नवं नव्हतं. आजोबा पलटणीत गेले, आबा गेले, लढाईच्या काळात एक काका गेला तो परत आला नाही. पुरुषाशिवाय घर चालवायची बायकांना सवयच होती. दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर आलेल्या बापाला पाहून पोरं दाराआड लपायची. मीही लपले होते. आबांच्या मिशा पाहून मी इतकी रडले होते की आईने त्यांना आधी मिशा काढून या म्हणून सांगितलं, अशी गोष्ट आमच्याकडे हसत हसत सांगितली जाई. त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. बाप लांब असायचाच. पण आई जाणार म्हटल्यावर अख्ख्या चाळीला वाचा फुटली.

माझं असं झालं होतं. लग्नाआधी आबांनी हट्टाने मला नर्सिंगचं शिक्षण दिलं. नवरा गिरणीत कामाला. काशी रांगायला लागली त्या सुमारास त्याची छाती खराब झाली आणि वर्ष सरायच्या आत तो गेला. मी माहेरी आले. एका खोलीत आबा, दादा, वहिनी, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही दोघी. आई आधीच वारलेली. परळच्या एका इस्पितळात मी काम करत होते. काम चांगलं येत होतं. पण पाण्याचा पेला पुढे केला की एखादा रोगी तो घेण्याआधी आडनाव विचारायचा आणि मग त्याला तहानच नसायची. आम्ही दीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नसावी.

लष्कराच्या इस्पितळांत नर्स हव्यात, हे आमच्या मेट्रनबाईंनी सांगितलं. आणि तिथे नर्सला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळतो, खांद्यावर स्टार लागतात, हेही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा जेवत होते. जन्मभर ज्या स्टारांना त्यांनी सॅल्यूट ठोकला ते आपल्या पोरीच्या खांद्यावर! त्यांचा घास हातातच राहिला. पण आबांवर कशाला ढकलू? मला स्वतःलाच जायचं होतं. परळच्या त्या खोलीत विधवा बहीण म्हणून म्हातारी व्हायचं नव्हतं.

अडचण एकच होती. बाई बिनलग्नाची हवी, विधवा असली तर पदरात मूल नको, असा नियम होता.

संध्याकाळी गॅलरीत पंचायतच बसली. शेजारचे जॉबर तात्या, गिरणीतले मुकादम, म्हणाले, "अगं, लिहून टाक नाय म्हणून. पलटणीतनं कोण परळला येतंय तुझी पोर मोजायला?" सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं. आबांना नाही पटलं. ते म्हणाले, "आपल्या लोकांना इंग्रजांनी एकदा पलटणीतनं काढलं. तेव्हा आपली काय चूक नव्हती. आता आपण खोटं बोलून आत शिरायचं आणि पुन्हा काढायला आपणच कारण द्यायचं? जमायचं नाय." जॉबर तात्या म्हणाले, "हवालदार, जमाना बदलला." आबा म्हणाले, "म्हणून तर."

मग दत्तकाची गोष्ट निघाली. दादाला दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. काशी त्याच्या नावावर झाली की माझा पदर मोकळा. चाळीने मान डोलावली. कागदापुरतं तर करायचंय, पोर कुठे जातेय, याच खोलीत तर राहणार, असं जो तो म्हणाला. वहिनी तेवढी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुकट निवडत बसली होती. मी शेजारी बसले. मान वर न करता ती म्हणाली, "शांते, मी पोर घेते. पण कागदापुरती घेत न्हाय. दिलीस तर दिलीस. सुट्टीला येशील तेव्हा आत्या म्हणून ये. आई म्हणून यायचं असंल तर आत्ताच सांग, मी न्हाय म्हणते आणि तू इथंच राहा. दोन आयांच्या मधी पोर कुठलीच राहत न्हाय." वहिनीला फार बोलायची सवय नव्हती. हे तिने रात्रभर जुळवलं असणार. मला तिचा राग आला. राग आला तो तिचं खरं होतं म्हणून.

मी चार दिवस विचार केला असं म्हणायची पद्धत आहे. विचार असा काही झाला नाही. मी ड्यूटीवर जात होते, काशीची वेणी घालत होते, तिला न्हाऊ घालत होते. एकदा तिच्या डोळ्यांत साबण गेला आणि ती "आई गं" म्हणून किंचाळली. तेव्हा मनात आलं की आता हे ओरडणंही द्यायचं आहे. तरी मी वहिनीला हो म्हणून सांगितलं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते की मला कुणी ढकललं नाही.

मग नवाच घोळ. दत्तक घ्यायचं कसं? जुने विधी आम्ही दीक्षेबरोबर सोडलेले, आणि नव्या धर्मात चाळीत अजून कुणी दत्तक घेतलेलं नव्हतं. दादाने वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, नव्या कायद्यात होमहवन लागत नाही, मूल हाताने द्यायचं आणि हाताने घ्यायचं, एवढंच. मग चाळीच्या वडीलधाऱ्यांनीच विधी ठरवला. आधी त्रिशरण-पंचशील, मग मी काशीला उचलून वहिनीच्या मांडीवर ठेवायचं, मग सगळ्यांना खीर. मी उचललं आणि ठेवलं. काशीला काहीच वाटलं नाही, वहिनीच्या मांडीवर ती रोजच बसायची. खीर वाढायला घेणार तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या भागाबाई म्हणाल्या, "आणि नाव? बारशाला नाव आत्या सांगते. आता शांता झाली आत्या. तिलाच सांगू दे कानात, आणि काशी नको आता, आपल्यातलं सांग."

आबांनी "सुजाता" सुचवलं. मी वाकून तिच्या कानात सांगितलं. तिला गुदगुल्या झाल्या. कान चोळत ती मोठ्याने म्हणाली, "माझं नाव काशी हाय." सगळे खो खो हसले. आत्या म्हणून माझं पहिलं काम असं पार पडलं.

अंबाल्याने मला लवकर सामावून घेतलं. छावणीत सगळंच आखीव. वॉर्डाची राउंड, मेसचं जेवण, थंडीत हात इतके बधिर की सुई धरवेना. जवान "सिस्टर साब" म्हणायचे आणि मी दिलेलं पाणी गटागटा प्यायचे. आडनाव तिथेही विचारत, फक्त इंग्रजीतून. पण स्टार खांद्यावर असले की विचारणाराला आधी सॅल्यूट करावा लागतो, हा फरक मोठा होता. मी तिथे सुखी होते. हे लिहायला बायकांना संकोच वाटतो, पण होते.

पहिल्या सुट्टीला मी युनिफॉर्ममध्येच घरी गेले. आबांनी तशी ताकीदच दिली होती. मी जिना चढून वर आले तर ते दारात टोपी घालून उभे. मला पाहताच त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. मी सॅल्यूट घेतला. सगळी गॅलरी बघत होती. त्यांच्या पायामागून एक पोरगी डोकावली, जराशी उंच झालेली. वहिनी आतून म्हणाली, "सुजाता, कोण आलंय सांग." ती म्हणाली, "आत्या." मग दाराआड पळाली. माझ्या बापाला हवं होतं ते आणि वहिनीला हवं होतं ते, दोन्ही मला एकाच उंबऱ्यावर मिळालं. मी ट्रंक उघडून तिच्यासाठी आणलेला लोकरी स्वेटर काढला. परळमध्ये त्याचा कधीच उपयोग झाला नाही.

पुढे झाशीला असताना मरियम्मा नावाची केरळची सिस्टर माझ्या खोलीत राहायची. एकदा ती आपल्या आईकडे असलेल्या मुलाचा फोटो दाखवत होती. मी विचारलं, तुला कसं घेतलं? ती म्हणाली, "मूल नाही असं लिहिलं. कौन पूछता है?" खरंच कुणी विचारलं नव्हतं. जॉबर तात्यांचं बरोबर होतं. मरियम्मा खोटं बोलली आणि आई राहिली. मी त्या दिवशी आबांना पत्र लिहायला घेतलं आणि लिहिलं नाही. त्यांना ते कळलंच नसतं. पलटणीला खरं सांगायचं, यात त्यांच्या लेखी वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

सुजाताला सगळं माहीत होतं. आमच्या चाळीत कुणाची कुठली गोष्ट लपली आहे? शाळेत असताना तिने एकदा मला विचारलं, "तू मला दिलंस ना?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली आणि माझ्या मराठीला हसायला लागली. मी "चहा पियून घे" म्हणायचे, "मी येऊन राहिलेय" म्हणायचे. इतकी वर्षं उत्तरेत गेल्यावर मराठीचं दुसरं काय होणार! ती शिकली, बँकेत लागली, माटुंग्याला दिली. तिच्या लग्नात मी आत्याच्या जागी उभी होते आणि साडीही आत्याच्या मानाचीच घेतली. निवृत्त होऊन मी जबलपूरला लहानसं घर बांधलं. परळला का नाही आलीस, असं पुष्कळांनी विचारलं. परळला मी सुट्टीवर जायचं, असं ठरलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. मी पोचले तेव्हा तिला पोचवून माणसं परतली होती. खोली बायकांनी भरलेली. भागाबाई आता खूपच म्हाताऱ्या झाल्यात. त्यांनी सुजाताचा हात धरून माझ्या हातात दिला आणि रडत म्हणाल्या, "पोरी, एक आई गेली तरी दुसरी आहे तुला. आता तरी हिला आई म्हण गं." खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. त्या एका क्षणात मला ते इतकं हवं होतं की वहिनीच्या मरणाचंही भान राहिलं नाही.

सुजाताने हात सोडवला नाही. ती शांतपणे म्हणाली, "आईला आत्ताच पोचवून आलेत, भागामावशी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, तू गाडीतून उपाशी आलीयस. चहा टाकते."

मी चहा प्यायले. वहिनीला दिलेला शब्द मी जन्मभर पाळला असं मला वाटत होतं. त्या दिवशी तो मी मोडला असता. पोरीने मोडू दिला नाही. वहिनीने तिला वाढवलं ते असं, आणि ते बघायला ती तिथे नव्हती याचं मला फार वाईट वाटलं.

जबलपूरला शेजारी नवीन माणसं राहायला आली आहेत. मेमसाब, आपका घर कहाँ है, असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं इथे राहूनही मी मुंबई, परळ असंच सांगितलं. घरात कोण कोण आहे? मी म्हटलं, एक भाऊ आहे, दोन भाचे आहेत आणि एक भाची आहे. सांगताना माझी जीभ कुठेही अडखळली नाही.