एंटर दाबा, बाबा

रिटायर झाल्यावर बाबा कोकणातल्या गावच्या आठवणी कॉम्प्युटरवर लिहायला लागले. फाइल बंद करताना इंग्रजी प्रश्नाचा डायलॉग बॉक्स आला की घाबरून मला ऑफिसात फोन करायचे. मी प्रोग्रामर. शेवटी एका रविवारी डोंबिवलीच्या घरी जाऊन मी तो बॉक्सच बदलला. मोठ्या मराठी अक्षरांत ‘बाबा, लिहिलेलं ठेवायचं का?’ आणि खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’.

“आता फोन करायचा नाही. नुसतं एंटर दाबायचं,” मी चढ्या आवाजातच म्हणालो.

त्यानंतर फोन आला नाही. विचारलं तर म्हणायचे, “चाललंय रे. अजून पहिलंच पान, आजोबांची होडी.” मला वाटायचं, टंगळमंगळ करतायत.

ते गेल्यावर मी ती फाइल उघडली. कोरी होती. सहज दोन ओळी लिहिल्या, बंद करताना बॉक्स आला, एंटर दाबलं. पुन्हा उघडली तर माझ्याही ओळी गायब. त्या रविवारी घाईत मी एंटर ‘हो’ऐवजी ‘नको’ला जोडलं होतं.

दोन वर्षं बाबा रोज तेच पहिलं पान नव्याने लिहीत होते, आणि मी चिडेन म्हणून फोन करत नव्हते.