तळघरातल्या बाईबद्दल माझं मत

त्या सिनेमातली बाई तळघरात कोंडलेली असते. एक सभ्य दिसणारा माणूस तिला तिथे आणून ठेवतो, वेळेवर जेवायला देतो, वाढदिवसाला केकसुद्धा आणतो. अर्धा सिनेमा दाराला कुलूप असतं. मग एके दिवशी तो कुलूप काढून टाकतो, आणि तरीही ती जात नाही. एवढीच गोष्ट. नट अनोळखी, खर्च बेताचा, आणि अंधार इतका की टीव्हीच्या काचेत आमचाच सोफा दिसायचा.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, वाळवंटातल्या चँडलर गावी राहत होतो. नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत टीम लीड होता. मी त्याच्या मागून आलेली, डिपेंडंट व्हिसावरची बायको. त्याआधी चार वर्षं मी नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, पण इथे त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, नंबर नाही म्हणून क्रेडिट कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून साधं डीव्हीडीच्या क्लबचं सभासदत्वसुद्धा माझ्या नावाने मिळेना. गाडी एकच, ती सकाळी सातला ऑफिसात जायची. जवळचं दुकान तीन मैलांवर, आणि बाहेर असं ऊन की नागपूरची असूनही मी हात टेकले.

तो डीव्हीडीचा क्लब नवऱ्याच्या नावावर होता. वेबसाइटवर यादी केली की टपालाने सिनेमे घरी यायचे. पाहून परत पाठवले की पुढचे. त्याच साइटवर सभासदांना आपलं मत लिहिता यायचं. पहिलं मत मी असंच, इंग्रजीत लिहिलं. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, अगं, मस्त लिहितेस, लिहीत जा. मग मी झपाटल्यासारखी लिहायला लागले. वर्षभरात चाळीसेक मतं झाली असतील. एकेक मी तीन-तीनदा पुसून लिहायचे, शब्दकोश शेजारी घेऊन. प्रत्येक मताखाली 'हे मत तुम्हाला उपयोगी वाटलं का?' असा प्रश्न असायचा आणि कुठले कुठले लोक 'होय' म्हणायचे. अख्ख्या अमेरिकेत माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. वर नाव नवऱ्याचं दिसायचं, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. घरात कोण लिहितं ते घरात माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

आणखी एकीला माहीत होतं. वरच्या मजल्यावर माझी एक मैत्रीण राहायची, साताऱ्याकडची. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच टीममध्ये, त्याच्या हाताखाली होता. तीही माझ्यासारखीच घरी बसलेली, एम.एस्सी. होऊन. दुपारी पडदे ओढून आम्ही दोघी सिनेमे पाहायचो, आणि नंतर मी लिहिताना ती चहाचा कप घेऊन माझ्या खांद्यावरून वाचायची. हे वाक्य जरा मास्तरीण छाप झालंय, काढ, असं बिनधास्त सांगायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

तळघरातल्या बाईचा सिनेमाही आम्ही असाच पाहिला. संपल्यावर मी उठून पडदे सारले. मग ती म्हणाली, "कुलूप काढल्यावर तो जास्त निर्धास्त झाला, बघितलंस?"

मी लगेच साइट उघडून लोकांची मतं वाचली आणि माझं डोकंच फिरलं. एक जण म्हणे कॅमेरा इतका हलतो की मळमळतं. एकाला प्रकाशयोजना आवडली होती, पण बाई मूर्ख वाटली. एका बाईने लिहिलं होतं की मी असते तर पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यात कढई घातली असती. आणि बहुतेकांचा सवाल एकच, दार उघडं होतं तर ती गेली का नाही? जणू दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर माहेरच उभं असतं.

मी पाच परिच्छेद लिहिले. आजवर मी 'मी बाई आहे' असं कुठेच लिहिलं नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती. या वेळी तिथूनच सुरुवात केली. लिहिलं की माझ्या दाराला कुलूप नाही, पण माझ्या नावावर गाडी नाही, कार्ड नाही, विजेचं बिलसुद्धा नाही, आणि मला कुणी छळत नाही. माझा नवरा चांगला माणूस आहे, म्हणूनच ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही. मैत्रिणीचं वाक्यही घातलं, 'माझी एक मैत्रीण म्हणाली' असं करून. तिला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि एकही शब्द काढायला सांगितला नाही. दोन आठवड्यांत त्रेसष्ट जणांनी त्या मतावर कौल दिला, त्यात अठ्ठावन्न 'होय' होते. मी रोज सकाळी तो आकडा पाहून मगच भाजी चिरायला घ्यायचे.

पुढच्या शनिवारी दुपारी टीमचं गेट-टुगेदर होतं. मी साबुदाण्याचे वडे केले होते, मैत्रिणीने मसालेभात. जेवणं चालली असताना टीममधला एक जण नवऱ्याला म्हणाला, "यार, चाळीस रिव्ह्यू वाचले तुझे, एक नंबर लिहितोस. पण या लेटेस्टमध्ये एकदम बाई कसा काय झालास?"

सगळे खो खो हसले. मला आधी काही कळेचना. मग हळूहळू उलगडलं. साइटवर मित्रांना जोडून घ्यायची सोय होती. नवऱ्याने अख्खी टीम केव्हाच जोडून ठेवली होती. प्रत्येक नवं मत त्यांना दिसायचं. सोमवारी कँटीनमध्ये त्यावर चर्चा व्हायची, त्याची वाहवा व्हायची, आणि तो वर्षभर ती गुपचूप खिशात घालत होता. मला 'लिहीत जा' म्हणत होता, आणि तिकडे स्वतः लेखक होऊन बसला होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तोही हसत होता. म्हणाला, "अरे, तो एक हिने लिहिलाय, टाइमपास म्हणून. हिला इमॅजिनेशन जरा जास्तच आहे. दार तर उघडंच असतं आमचं."

पुन्हा हशा. मी हातातला वडा ताटलीत ठेवला. मी म्हणाले की चाळीसही मीच लिहिलेत. आवाज माझा मलाच परका वाटला. कुणी तरी म्हणालं, वा, वहिनी पण जोक करतात. तेव्हा मी मैत्रिणीकडे वळले. ती मसालेभात वाढत होती. म्हटलं, हिला विचारा, ही रोज शेजारी बसलेली असते.

तिने डाव भांड्यात ठेवला, स्वतःच्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मला काय माहीत बाई. मी तर पिक्चर लावला की झोपते."

तिच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम तेव्हा अडकलं होतं आणि त्याच्या टीम लीडचा, म्हणजे माझ्याच नवऱ्याचा, शब्द त्यांना हवा होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून राग कमी झाला नाही, आजही झालेला नाही. नवऱ्यापेक्षा तिचा जास्त आला. त्याने जे चोरलं ते लिहिताना त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं होतं.

परत येताना गाडीत मी त्याला विचारलं की वर्षभर सांगितलं का नाहीस. म्हणाला, तसा कधी विषयच निघाला नाही. मग म्हणाला की सगळ्यांसमोर ऑड वाटलं त्याला, आता सोडून दे. मी घरी जाऊन भांडी घासली, जरा आदळआपट करूनच.

रविवारी मात्र तो फार गोड वागला. चहा त्याने केला. मी आंघोळ करून येते तोवर हातात किल्ल्या घेऊन दारात उभा होता. मी कित्येक महिने मागे लागले होते की मला गाडी शिकव, आणि दर वेळी काही ना काही निघायचं. त्या दिवशी न सांगता त्याने मला बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं आणि दोन तास शिकवलं. मी दोनदा फुटपाथवर चाक चढवलं तरी आवाज चढवला नाही. मला वाटलं, हीच याची माफी मागायची रीत असेल. तोंडाने जमत नाही बऱ्याच पुरुषांना. गाडी वळवता वळवता मी त्याला माफ करून टाकलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर लावला. सिनेमाचं पान उघडलं. माझे पाच परिच्छेद नव्हते. त्यांच्या जागी तीन छोटी वाक्यं होती. सिनेमा स्लो आणि बोरिंग आहे. दार उघडं असताना बाई जात नाही, हे पटत नाही. एक स्टार.

बदल केल्याची वेळही तिथे होती. रविवार सकाळची, मी आंघोळीला गेले होते तेव्हाची.

त्या तीन वाक्यांखाली तो आकडा जसाच्या तसा होता. त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न जणांना हे मत उपयोगी वाटलं. माझ्यासाठी 'होय' म्हटलेली ती माणसं आता त्याच्या वाक्याखाली उभी होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी ते पान खालीवर करत राहिले. वर मैत्रिणीच्या घरात पाण्याचा नळ चालू झाल्याचं ऐकू आलं. पूर्वी मी छताला झाडूचा दांडा ठोकून तिला खाली बोलावायचे.

मताखाली नेहमीचा प्रश्न होता. हे मत तुम्हाला उपयोगी वाटलं का? मी 'नाही'वर क्लिक केलं.

पान जरा थांबलं आणि वर लाल अक्षरांत ओळ आली. हे मत तुम्हीच लिहिलेलं आहे, त्यावर तुम्हाला कौल देता येणार नाही.