वनिताच्या नावाचं पेन्शन खातं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वनिताला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि ऐकण्याचा पहिला हक्क तिचाच होता.

उटनूरला आमचं किराणा दुकान. बँकेतला माणूस म्हणाला, कमाई नसली तरी बायकोच्या नावानं पेन्शनचं खातं निघतं. पैसे नवऱ्यानं भरायचे, साठीनंतर तिला दरमहा मिळत राहतात. फॉर्मवर तिच्या उत्पन्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं. दुपारभर गल्ल्यावर तीच बसायची, पण तिला पगार कोण देत होतं? ती मात्र हरखली. नातेवाइकांत सांगत सुटली, “यायनं माह्या नावानं पेन्शन लावली.”

वर्षभर भरले. मग — कसं सांगू? — तिचा हप्ता मी माझ्या स्वतःच्या तसल्याच पेन्शन खात्यात वळवला. अडचण काहीच नव्हती, दुकान बरं चाललं होतं. कमावतो मी, मग तिचं म्हातारपण वेगळं कशाला, एवढंच डोक्यात. महिना झाला की ती विचारायची, “भरले काय?” मी म्हणायचो, भरले. भरलेले असायचेच की! कुणाच्या नावावर, हे तिनं कधी विचारलं नाही.

मग तिचे वडील गेले. बाजारहत्नूरला त्यांची कापसाची जमीन. आमच्यात बहिणी भावासाठी हिस्सा सोडतात. न सोडणारीला माहेर परकं होतं. तरी कागद करायच्या दिवशी, तहसील ऑफिसात, भाऊ स्वतःहून म्हणाला, “बाई, एक एकर तुह्या नावानं ठेवू काय?”

वनिता हसली. “मले कायले पायजे? माहं म्हातारपण यायनं पाह्यलं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तरी चाललं असतं ना? मी भिंतीला टेकून उभा राहिलो. भावाला साक्षीदार हवा होता, त्यानं पेन माझ्यापुढे धरलं — आणि मी सही केली. पूर्ण नावानिशी, वळणदार.

खोटं बोललो त्याची लाज वाटतेच. पण त्या सहीची जास्त वाटते. बाहेर आल्यावर तिनंच मला उसाचा रस पाजला, आणि मी तो प्यायलो.

गेल्या महिन्यात तिला साठ वर्षं पूर्ण झाली. काल विचारत होती, “पैली पेन्शन कवा येईन?” पेन्शन आली की माझा गुडघा आदिलाबादच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचा, असं तिनं ठरवलंय.

मी म्हणालो, “येईन लवकर.”