थोरल्याला काहीच झालं नव्हतं

वजनमापं तपासणारा माणूस दुकानात शिरला की कुठल्याही दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडतात. काटेसाहेब शिरले की आठ्यांबरोबर घामही फुटायचा. एकतीस वर्षं हीच नोकरी. हातात तपासणीच्या वजनांची लाकडी पेटी, खिशात दोन पेनं, आणि तोंडी एकच वाक्य: "कारण मागाहून सांगा, आधी काटा दाखवा." स्प्रिंग कालच बिघडली, नोकर नवा आहे, पंख्याच्या वाऱ्याने काटा हलतो, असली कारणं त्यांनी इतकी ऐकली होती की दुकानदाराने तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य ते स्वतःच म्हणून दाखवत.

बाजारातले काटेसाहेब घरी आले की दादा होत. त्यांना दादा म्हणणारा त्यांचा धाकटा भाऊ तीन वर्षांनी लहान, म्हणजे त्रेपन्नचा. दोघांना एकाच आईने वाढवलं यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. दादांच्या कपाटात मोजे रंगांनुसार लावलेले. धाकट्याला दोन मोजे सापडले तरी ते एकमेकांच्या ओळखीचे नसत. त्याने आयुष्यात सात नोकऱ्या केल्या. एकही सोडली नाही, सगळ्या त्याच्या हातून निसटल्या. आता पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. हात सोन्यासारखा, पण उघडलेला मिक्सर तीन तीन आठवडे तसाच पोट फाडून पडलेला असे, आणि गिऱ्हाईक आलं की हा म्हणे, "अरे, तुमचाच का तो?"

वडील तांत्रिक शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. त्यांच्या हातातल्या लाकडी पट्टीने कागदावर जितक्या रेघा ओढल्या, तितक्याच धाकट्याच्या बोटांवर उमटवल्या. दादांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. तशी वेळच दादांनी येऊ दिली नाही. परीक्षेच्या दिवशी पहाटे मोरीत जाऊन उलटी करायची, तोंड धुवायचं, भांग पाडायचा आणि पहिला नंबर घेऊन यायचं, असं त्यांनी शाळेची सगळी वर्षं केलं. उलटीचं कोणाला कळलं नाही. नंबराचं कळलं, पण त्यावर बाबा फक्त मान हलवत. आई गेल्यावर, गेली अकरा वर्षं, बाबा दादांकडेच होते.

मग धाकट्याच्या घरी नळ चालू राहिला. पाणी खालच्या मजल्याच्या छतातून थेट शेजाऱ्याच्या नव्या गादीवर उतरलं. शेजाऱ्याची बोलणी खाऊन झाल्यावर धाकटीने, म्हणजे त्याच्या बायकोने, नवऱ्याला हाताला धरून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. चार वेळा जाऊन आल्यावर तीन पानी कागद मिळाला. एका रविवारी दोघं तो घेऊन दादांकडे आले आणि धाकट्याने तो शाळेतल्या धड्यासारखा मोठ्याने वाचला. लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार, जन्मापासूनचा. आळस नव्हे, बेफिकिरी नव्हे. मेंदूची ठेवणच तशी.

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. मग धाकट्याचा हात हातात घेऊन त्याची बोटं एकेक करून चाचपली आणि म्हणाले, "माझं चुकलं रे."

दादा चहाचे कप घेऊन दारात उभे होते. छप्पन्न वर्षांत हे दोन शब्द त्यांनी बाबांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आज ऐकले, तेही दुसऱ्याच्या वाट्याचे. कप खाली ठेवताना एकाही बशीचा आवाज झाला नाही. तेवढी सवय होती.

चहा पिताना बाबा दादांकडे वळून कौतुकाने म्हणाले, "तुझं काय, तुला सगळं आपसूक जमायचं. याला बिचाऱ्याला किती जड गेलं असेल."

आपसूक हा शब्द दादांनी मनातल्या मनात काट्यावर ठेवून पाहिला. धाकट्याचा वेंधळेपणा हा आजार असेल, तर आपला नेटकेपणा म्हणजे नुसती चांगली तब्येत ठरली. उंची किंवा केसांचा रंग असतो तशी. मग त्या पहाटेच्या उलट्या कोणाच्या खात्यात? धाकट्याला माफी मिळाली याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. ती माफी देताना बाबांनी नकळत त्यांची आयुष्यभराची शाबासकी काढून घेतली होती, आणि गंमत म्हणजे ती कधी दिलेलीच नव्हती.

त्या दिवसापासून दादांना जिकडे तिकडे कागद दिसू लागले. कचेरीतला कारकून उशिरा आला की झोपेचा विकार, साहेब ओरडले की रक्तदाब, पुतण्याने पेपर कोरा दिला की चिंता. पूर्वी आळशाला आळशी म्हणायची सोय होती, तीही गेली, असं ते जेवताना रोज बोलू लागले. एकदा तर दार लावून त्यांनी फोनवर त्या विकाराची प्रश्नावली भरली. वस्तू हरवतात का? कधीच नाही. भेटीच्या वेळा विसरता का? कधीच नाही. अठरा प्रश्नांची अठरा उत्तरं एकाच रांगेत लागली आणि खाली उत्तर आलं की लक्षण एकही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या परीक्षेत सपशेल नापास झाले.

हे बायकोपासून लपलं नाही. "आपल्याला आजार नाही म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. दादा म्हणाले, आजाराचा प्रश्न नाही, सबबीचा आहे. आता त्याने घर जाळलं तरी तो कागद पुढे करेल.

"कागद आल्यापासून नळ उघडा राहिला का एकदा तरी? गोळी घेतो, दारावर चिठ्ठ्या लावल्यात, धाकटी सांगत होती. कारण कळलं म्हणून सुधारतोय तो. तुम्हाला काय हवंय, त्याने बिघडावं?"

दादांनी पानातली कोशिंबीर संपवली. खरं उत्तर हो असंच होतं.

महिन्याभराने बाबांनी जाहीर केलं की दोन महिने ते धाकट्याकडे राहायला जातील. त्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, आता जरा पाहू द्या, असं त्यांचं म्हणणं. दादा म्हणाले, जरूर जा. निघायच्या रविवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलाशी गोळ्यांची डबी भरायला बसले. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, चौदा कप्पे. अकरा वर्षं दर रविवारी भरलेली डबी. बाहेरच्या खोलीत धाकटा बाबांची बॅग भरत होता. काहीतरी सांडलं असावं, कारण बाबा खो खो हसले. असं हसताना दादांनी त्यांना पाहिलेलं आठवत नव्हतं. हात गोळ्या टाकत राहिला. कान बाहेर होते. झाकणं खटाखट लावून त्यांनी डबी बॅगेत ठेवली आणि धाकट्याला बजावलं की एकही गोळी चुकता कामा नये.

तो आठवडा दादांनी फोनकडे बघत काढला. स्वतःला ते काळजी म्हणत होते. पण फोन वाजला आणि बाबा मजेत आहेत असं कळलं की मनात जे व्हायचं, त्याला काळजी मिटणं म्हणता आलं नसतं. शनिवारी बाबांचा जाड स्वेटर राहिल्याचं निमित्त काढून ते धाकट्याच्या घरी गेले.

दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती: नळ, गॅस, किल्ली. बाबांच्या कॉटजवळच्या भिंतीवर गोळ्यांची यादी चिकटवलेली, तिच्यावर रोजच्या तीन तीन खुणा. बाबा खिडकीशी बसून एका मिक्सरचे स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत होते, आणि चेहऱ्यावर नवी नोकरी लागल्यासारखा तरतरीतपणा होता. दादांनी डबी उचलली. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे. गुरुवारच्या सकाळच्या कप्प्यात एक पांढरी बारीक गोळी तशीच होती. रक्तदाबाची.

दादांना आनंद झाला. तो आनंदच आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. तरी त्यांनी कप्पा उघडा धरून बाबांसमोर नेला. "ही बघा. गुरुवारची गोळी राहिली. रक्तदाबाची आहे, खेळ नाही."

धाकट्याने डबीकडे पाहिलं, मग दादांकडे. "हो दादा. राहिली असेल. माझं लक्ष, माहीत आहे ना तुला."

"असू दे, असू दे," बाबा म्हणाले. "मुद्दाम करतो का तो? होतं त्याच्याकडून."

पुन्हा तेच.  पाणी प्यायला म्हणून दादा स्वयंपाकघरात गेले. धाकटी ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने दार लोटून घेतलं.

"दादा, हे मला सांगू नको म्हणाले होते, तुमचे भाऊ. पण आता ऐकवत नाही," ती हळू म्हणाली. "रोज सकाळी ते कप्पा यादीशी तीनदा ताडून बघतात. स्वतःवर भरवसा नाही म्हणून. बुधवारच्या कप्प्यात रक्तदाबाची गोळी नव्हतीच. त्यांनी पाकिटातली काढून दिली. गुरुवारी दोन निघाल्या. एक दिली, दुसरी तिथेच राहिली. डबी तुमच्याकडून भरून आली होती."

दादांनी पेला ओट्यावर ठेवला.

"मी म्हटलं, दादांना फोन करा. तर म्हणाले, नको, त्याला लागेल. चूक माझ्या नावावर खपून जाते, त्याच्या नावावर नाही खपायची."

गोळी बुधवारी चुकली असती आणि गुरुवारी दुप्पट गेली असती. ऐंशीच्या घरातला म्हातारा माणूस. दादांनी मनातल्या मनात त्या रविवारची सकाळ उलटीसुलटी करून पाहिली. झोप नीट झाली होती. डोळ्यांना चष्मा होता. उजेड होता. कुठलाही डॉक्टर तीन पानं लिहील असं काही सापडेना. बाहेर बाबा हसले होते आणि ते त्यांना सोसलं नव्हतं, एवढंच सापडलं.

गप्प राहणं सोपं होतं. धाकट्याने चूक अंगावर घेतली होती, बाबांनी ती माफही केली होती. सगळं मिटलं होतं. दादांकडे आयुष्यात जपलेली एकच गोष्ट होती: बाबांच्या लेखी ते कधी चुकले नव्हते. ती तशीच घरी घेऊन जाता आली असती.

ते बाहेर आले आणि बाबांच्या समोर उभे राहिले.

"बाबा, गोळी त्याने नाही चुकवली. मी डबी चुकीची भरली. बुधवारची गुरुवारात टाकली. त्याने ती चूक पकडली."

धाकटा म्हणाला, "दादा, जाऊ दे ना." दादांनी हाताने त्याला थांबवलं.

बाबांनी हातातला स्क्रू खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता. ते घाबरले होते. थोरल्याचा चेहरा ते डॉक्टरसारखा न्याहाळत राहिले. "तुला बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "चक्कर येते? एकदा तपासून घे. तुझ्याकडून असं होणारच नाही."

दादांच्या समोर माफी अशी आयती वाढून आली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी बाबांनी त्यांचाही हात हातात घेतला असता.

"मी ठणठणीत आहे," दादा म्हणाले. "मला काही झालेलं नाही. तुम्ही इकडे येताना इतके खूश होता, ते मला बघवलं नाही. तुमचं हसणं ऐकत बसलो आणि हात चुकला."

 धाकटा चिठ्ठीसारखा भिंतीला चिकटून उभा होता. बाबांनी थोरल्याकडे असं पाहिलं, जसं नव्या भाडेकरूकडे पाहतात, हा कोण, कुठला, याच्या घरी कोण कोण असतं.

"म्हणजे तुलाही असं होतं," ते शेवटी म्हणाले.

"होतं."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

बाबा कॉटवर थोडे सरकले. दादा बसले. धाकटीने चहा आणला आणि या वेळी बशा वाजल्या, कारण धाकट्याने घाईत त्या हातात घेतल्या होत्या. बाबांनी फार काही विचारलं नाही, माफी तर मागितली नाहीच. पण स्क्रूंचा ढीग दोघांच्या मध्ये ओढला आणि लांब स्क्रू वेगळे काढायला दादांना सांगितलं. दादांनी काढले. दोन चुकीच्या ढिगात गेले, ते बाबांनी न बोलता उचलून जागेवर ठेवले.

निघताना बाबा दारापर्यंत आले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी हात धरला होता, तो धाकट्याचा. दादांना ते दिसलं आणि टोचलं. आता निदान त्या टोचण्याला काय म्हणायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी येतो म्हणून ते जिना उतरले.