सायलेन्सरमधलं पाणी

बाबा गेल्यापासून उभीच असलेली त्यांची गाडी आज मेकॅनिककडे नेली. त्याने सायलेन्सर काढून पुढे धरला. आतून गंजून त्याची चाळण झाली होती. ओल्या लोखंडाच्या त्या वासाने मला दिल्लीच्या द्वारकेतली एक थंड सकाळ आठवली.

निवृत्तीनंतर बाबा मला रोज मेट्रो स्टेशनवर सोडायचे. जेमतेम पाच मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी गाडी सुरू करून ते तिच्या मागच्या बाजूला वाकले होते आणि सायलेन्सरमधून टपकणारं पाणी तळहातावर घेत होते.

"एवढ्याशा फेरीत हा तापतच नाही गं. पाणी आतच राहतं आणि गंज धरतो. रविवारी गुरुग्रामच्या पुढे लांब चक्कर मारू या?"

"बाबा, एकच तर सुट्टी असते यार! तुम्हीच या ना जाऊन."

"एकट्याने काय जायचं? अच्छा, पुढच्या रविवारी बघू." त्यांनी हात रुमालाला पुसला.

पुढच्या रविवारीही मी पुस्तक वाचत बसले. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला ती गाडीचीच काळजी वाटली होती.

"अंकलजी लंबा नहीं चलाते थे क्या?" मेकॅनिकने विचारलं.

"नहीं भैया," मी म्हणाले, "बस मुझे मेट्रो तक छोड़ते थे."