सुनीता, पाणी आलं

ठाण्याजवळच्या दिव्याहून निघालो त्या दिवशी गाडी खाली उभी होती आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. बिल्डिंगमधले सगळे मला सोडून आपापल्या पिंपांकडे धावले. मला राग नाही आला, मीही धावलो असतो. आई पाइप धरून वर अडकलेली. शेवटी शेजारच्या सुनीताकाकूंनी तिच्या हातातून पाइप घेतला. "जा गं, पोरगं चाललंय. तुझं पिंप मी बघते." म्हणून आई खाली येऊ शकली. ओल्या हातानंच तिनं माझा गाल धरला. "पोहोचलास की आवाज दे," एवढंच म्हणाली.

इथे बर्मिंगहॅमला मी आलो ते बायकोच्या जिवावर. प्रज्ञा नर्स आहे, व्हिसा तिचा, मी तिच्यामागून आलेला. नववीत शाळा सोडलेली, ठाकुर्लीच्या बेकरीत पाव भाजायला शिकलेलो, तेवढंच इथे कामाला आलं. कुठला म्हणून कुणी विचारलं की मी मुंबई सांगतो. दिवा सांगायचं तर मग पुढचंही सांगावं लागेल, की आमच्याकडे नळ असतो आणि पाणी नसतं. तुमच्यापैकी जे असे बाहेर पडलेत त्यांना कळेल.

बेकरीत डेल्रॉय आहे. साठीचा, मूळ जमैकाचा. त्यानं मला ओव्हन शिकवला, साहेबाचं इंग्रजी सोपं करून सांगितलं, म्हणून मी त्याला अंकल म्हणतो. तो घरी डब बनवतो. डब म्हणजे त्यांच्याकडचं रेगे संगीतच, पण त्यातला गाणारा बहुतेक काढून टाकलेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, स्पीकरची वायर सैल झालीय. नुसता बेस, आपल्या जयंतीच्या डीजेसारखा छातीत वाजणारा, पण सावकाश. मध्येच कुणाचा अर्धा शब्द येतो, घुमत घुमत लांब जातो, मग काहीच नाही. "अंकल, गाणं कधी सुरू होणार?" मी विचारलेलं. तो इतका हसला की पिठाचेच हात डोळ्यांना लावून बसला.

हळूहळू कान सरावला. त्याचा नवा अल्बम तर डबवाल्यांनाही विचित्र वाटावा असा. ड्रम नाहीतच. ट्रे आपटल्याचा ठोका, पीठ मळायच्या मशीनची घरघर आणि खाली तो बेस. मला सगळ्यात आवडतात त्या मधल्या रिकाम्या जागा. तिथे कुणाला कसली घाई नसते.

त्या अल्बममध्ये माझी आई आहे. व्हॉइस मेसेज करताना बटण वर सरकून रेकॉर्डिंग चालूच राहतं, ते तिला कळत नाही. एकदा खुशाली सांगता सांगता पाणी आलं आणि फोन तसाच ओट्यावर राहिला. सगळं आलं त्यात. "सुनीता, पाणी आलं" ही हाक, काकूंचं "आले गं, आले" आणि रिकाम्या पिंपात पडणारी धार, आधी घुमणारी, मग पिंप भरेल तशी बारीक होत गेलेली.

जेवणाच्या सुट्टीत मी ते ऐकत होतो. डेल्रॉय खुर्ची ओढून बसला. पुन्हा लाव म्हणाला, पुन्हा लाव. मग विचारलं, घेऊ का अल्बममध्ये? ज्यानं एवढं केलं त्याला नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो. आई घरच्या गाऊनमध्ये पाण्यासाठी ओरडतेय, ते मी परमुलखात वाजवायला दिलं. तिला न विचारता.

अल्बम झाला आणि बेकरीत वाजला. सुनीता, सुनीता, सुनीता, आईचा आवाज भिंतींवरून फिरून परत येत होता. सगळे हातातलं काम थांबवून ऐकत होते. सुंदर होतं हो. मी मात्र ट्रेच्या रॅकमागे तोंड लपवून उभा.

संध्याकाळी आईला ते पाठवलं आणि घाबरतच फोन केला. "आई, रागावू नकोस. आपली पाण्याची बोंब सगळ्यांना ऐकवली मी."

"त्यात तुला कसली लाज? पाणी सोडत नाही त्याला वाटू दे." मग म्हणाली, "पण एवढ्या हाका मारतेय मी, ही सुनीता ओ का देत नाही?"

मागून काकूंचा आवाज आला, "मी आलेले हां. माझं कुणी काढलं?"

"काकू, त्या गाण्यात असंच असतं, माणसं काढून टाकतात."

"सांग तुझ्या अंकलला, मी नाही गेले तर हिचं पिंप कोण भरणार?"

आता डेल्रॉय तो अल्बम लावतो तेव्हा त्या हाकेनंतरची रिकामी जागा मला पहिल्यासारखी ऐकवत नाही. परवा ओव्हनपाशी उभा असताना तोंडातून निघूनच गेलं, "आलो गं." सगळे वळून बघायला लागले. माझे कान तापले. डेल्रॉयनं आवाज थोडा वाढवला फक्त.

घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, की हाक मारली आणि कुणीतरी ओ दिली. तिथे माझ्या वाटणीची ओ सुनीताकाकू देतात. मी इथून नुसतं "आलो गं" म्हणतो, आणि ओव्हनचं दार उघडून पुढचा ट्रे आत सरकवतो.