इद्रिसच्या परवान्याची चौकशी

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्यांच्या अन्नावर उभा राहिलो त्या दादासाहेबांपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी मूळचा राजापूरकडचा. चौथीतून शाळा सुटली. पोटामागं फिरत फिरत चिखलीला आलो, आणि दादासाहेबांनी त्यांच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ठेवून घेतलं — राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर पगार. कापसाच्या गाड्या आल्या की प्रत्येक गाडीतून मूठभर नमुना काढायचा, चिठ्ठी लावायची, आत नेऊन द्यायचा. एवढंच काम. पण तेही जाईल अशी धास्ती मला रोज असायची. परका मुलूख, ना जमीन ना भाऊबंद — जाणार कुठं?

महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा इद्रिस आला. सुदानचा. नागपुरात शेतीची पदवी घेतलेला. त्याच्या गावीही कापूसच पिकायचा. बोटांनी तंतू ओढून, सरळ करून, काळ्या मखमलीच्या पट्टीवर ठेवून तो लांबी मोजायचा आणि कुठला माल कशात मिसळू नये ते सांगायचा. दादासाहेब खूश होते. इद्रिसलाही हे काम हवंच होतं — दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला नेला तरच त्याला मायदेशी कापूस खात्यात नोकरी मिळणार होती, नुसत्या पदवीवर नाही.

तो माझ्याशी हिंदीत बोलायचा. मला भाई म्हणायचा. दुपारी शेजारी बसवून तंतू ओढायला शिकवायचा. ओढणं मला जमलं. मोजणं, पारखणं — नाही जमलं.

गाडीवाले डिवचायचे, "काऊन बे कोकण्या, शिकेल मानूस आला, आता तुयं काय काम हाय इथं?" मी हसायचो. रात्री झोप लागायची नाही, ते कुणाला दिसत नव्हतं.

आता नियम सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. बाहेरदेशच्या विद्यार्थ्याला राहायची परवानगी शिक्षणापुरती. पदवी झाली की ती संपली. पुढं नोकरी करायची तर वेगळा परवाना, आणि तो मिळायचा तर एक गोष्ट शाबीत व्हावी लागे — हे काम जाणणारा इथला माणूस मिळत नाही. दादासाहेबांनी तसं लिहून दिलं होतं, आणि निकाल लागेपर्यंत इद्रिसला तात्पुरती मुभा होती. त्याची चौकशी करायला पोलीस जमादार आले, तेव्हा दादासाहेब खामगावला गेले होते, इद्रिसला घेऊन. जिनात कामकरी होते, पण मोजायच्या खोलीत मी एकटा.

जमादारांनी मखमलीची पट्टी उलटीपालटी करून पाहिली. "हे काम तुले येते काय?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "येतं." त्यांनी करून दाखवायला सांगितलं. मी कापूस घेतला, इद्रिसनं शिकवला तसा ओढला, पट्टीवर सरळ मांडला, आणि तोंडाला आला तो आकडा सांगितला.

"मंग बाहेरचा मानूस कायले पायजे?" असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं. खाली माझी सही.

भीतीनं बोललो का? हेव्यानं? दोन्ही असेल. पण — एवढंच असतं तर कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं.

नकार आला. इथला माणूस उपलब्ध आहे, परवाना देता येत नाही, पंधरा दिवसांत देश सोडावा. कोण माणूस, ते कागदात नव्हतं. दादासाहेब तडक बुलढाण्याला, परवान्याचं बघणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, चौकशीचे कागद दाखवता येत नाहीत, पण चौकशीत चूक झाली असेल तर काय चूक झाली ते लिहून आणा, पुन्हा बघू. परत आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं. इद्रिस तिथंच उभा होता, तो कागद घेऊन.

"जमादार आला तवा तू होता ना रे? तुले काही इचारलं काय त्यानं?"

इथं — इथं सगळं परत फिरवता आलं असतं. मला हे काम येत नाही, मी खोटं बोललो. एवढंच सांगायचं होतं. दादासाहेबांनी मला हाकललं असतं? वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हतं, हे तुमच्यापाशी कबूल करतो.

मी म्हणालो, "नाही. पाणी पिऊन गेले."

"जाने दीजिए," इद्रिस म्हणाला, "भाई को क्या मालूम."

काय चूक झाली ते दादासाहेबांना लिहिता आलं नाही. त्यांनी नुसता विनंतीअर्ज दिला, तो फेटाळला गेला. मलकापूरला गाडी पकडायची म्हणून इद्रिस सकाळच्या एसटीनं निघाला. त्याची ट्रंक टपावर मीच चढवली.

वर्षानं त्याचं इंग्रजी पत्र आलं, दादासाहेबांच्या नावे. कापूस खात्यानं दाखला मागितला, तो नव्हता. मामाच्या कापडदुकानात बसतो, असं लिहिलं होतं. शेवटी माझ्यासाठी दोन ओळी होत्या — भाईला म्हणावं, शिकत राहा, सोडू नको.

दादासाहेबांनी मला मराठीत करून सांगितलं. मग पत्राची घडी घालत म्हणाले, "लई जीव होता त्याचा तुयावर."

मी हो म्हणालो.